बोटभर मागं सरकलेलं चाक

शाळेच्या तारेच्या कुंपणाला रंगरावांची फियाट घासली ती चैत्रातल्या एका मंगळवारी, सकाळची शाळा सुटून पाच मिनिटं झाली होती तेव्हा. दोन खांब वाकले, गाडीचा डावा दिवा फुटला, आणि आत वाळत घातलेलं शिपाईबाईंचं धुणं तारेसकट खाली आलं. माणसाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्याच जागी पहिलीची पोरं रांग लावून उभी असतात, हे सगळ्या गावाला ठाऊक, आणि गावाला ठाऊक असलेली गोष्ट गाव कधी पोटात ठेवत नाही. रंगराव घरी पोचायच्या आधी बातमी घरी पोचली होती.

मोशी ओलांडून चाकणकडे निघालं की डाव्या हाताला आमचं गाव लागतं. गाव म्हणतो ते आम्हीच. बाकीच्या जगाच्या लेखी तो दोन कंपन्यांच्या गेटांमधला एक वळणाचा रस्ता आहे. रंगरावांचं घर मारुतीच्या देवळामागं, पुढं मोठं अंगण, आणि अंगणात पत्र्याखाली ही मोतिया रंगाची गाडी गेली तेहतीस वर्षं उभी. पिंपरीच्या कंपनीत फिटर असताना एका रिटायर होणाऱ्या साहेबाकडून त्यांनी ती घेतली, तेव्हा गावात चार चाकांचं वाहन म्हणजे फक्त दुधाचा टेम्पो होता. गावातल्या अठ्ठावीस लेकी या गाडीत बसून रडत सासरी गेल्या आणि चौदा सुना हिच्यातूनच रडत गावात आल्या, असं रंगराव सांगतात. सुनांचा आकडा मुळात मोठा आहे, पण ज्या रडल्या नाहीत त्या ते धरत नाहीत.

मुलगा रणजीत चाकणच्या एका कंपनीत लाइनवर सुपरवायझर आहे. पहिली शिफ्ट करून तो घरी आला, चहाला नको म्हणाला, खिळ्यावरची गाडीची किल्ली काढली आणि खिशात टाकली. रंगराव जोत्यावर बसले होते. त्यांचं वय चौऱ्याहत्तर, पण पाठ अजून ताठ. 

"आबा, आता पुरे करा," रणजीत म्हणाला.

"गाडी डावीकडं वडती," रंगराव म्हणाले. "माजा हात न्हाई चुकला."

यावर बापलेकात बरंच बोलणं झालं, आणि बहुतेक रणजीतच बोलला. त्याचं म्हणणं वेडंवाकडं नव्हतं. पुढच्या सोमवारी गाडीच्या पासिंगची तारीख होती. त्याच्या आत निगडीला कॉम्प्युटरवर चाकांची अलाइनमेंट तपासायची. दोष गाडीचा निघाला तर दुरुस्त करू, किल्ली तुमची, पासिंगला गाडी तुम्हीच घेऊन जा. यंत्रानं गाडी बरोबर आहे म्हटलं, तर मात्र दोष कुणाचा ते उघड आहे. मग पासिंगही नको आणि काही नको, भंगारवाल्याला फोन करायचा. रंगरावांनी मान हलवली. चौतीस वर्षं यंत्रांच्या संगतीत काढलेला माणूस, यंत्र खोटं बोलेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

गुरुवारी रणजीतनं सुट्टी टाकली आणि गाडी स्वतः चालवत निगडीला नेली. जातायेताना रस्ताभर कंटेनरची रांग. दुसऱ्या गिअरच्या वर गाडी गेलीच नाही, त्यामुळे ती ओढते की नाही हे रणजीतला कळायचं काही कारण नव्हतं. दुकानात काचेची केबिन होती. एका तरण्या पोरानं पुढच्या दोन चाकांना मोजायचे डबे अडकवले, खाली वाकून पुढचे दोन नट इकडंतिकडं फिरवले, आणि पडद्यावरचे लाल आकडे हिरवे झाले. तो जे काही सांगत होता ते सगळं रणजीतला. रंगराव टायरच्या थप्पीपाशी स्टुलावर बसून ऐकत होते. मध्ये त्यांनी विचारलं, चाक जिच्यावर वळतं ती किंगपिन हलवून पाहिली का, तर पोरगं हसलं आणि पुन्हा रणजीतकडेच वळून म्हणालं की गाडी एकदम ओके आहे, काकांना आता आराम करू दे. कंपनीत असताना ज्यांच्या सहीशिवाय पुढचा अॅक्सल जागचा हलत नसे, त्या माणसानं ते ऐकून घेतलं. स्टुलावरून उठताना त्यांना आधाराला टायर धरावा लागला, त्याचं त्यांना जास्त वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी रंगराव अर्धी भाकरी खाऊन उठले. त्यांची बायको इंद्रायणीबाई एरवी नवऱ्याला बोलायची एक संधी सोडत नाहीत, त्यासुद्धा गप्प राहिल्या. गाडी गेली तर या माणसाचं काय राहील, हे त्यांना बरोबर माहीत होतं. शेत कंपनीत गेलं, नोकरी वयात गेली. गावात रंगरावांना आता हाक येत होती ती गाडीसाठीच. कुणाला ससूनला न्यायचं, कुणाची लेक बाळंतपणाला आणायची, कुणाला नुसतंच आळंदीला जाऊन यायचं. भाड्याची गाडी बोलावली की दारात येते, पण ती म्हातारीला हात धरून आत बसवत नाही.

सून तनुजा भोसरीच्या एका कारखान्यात माल तपासते. शुक्रवारी तिची दुसरी शिफ्ट होती. सकाळी ज्वारी निवडता निवडता ती सासऱ्यांना म्हणाली, "मामा, आमच्याकडं यंत्र हिरवं दाखवतं आणि माल तरी परत येतो. मग आम्ही जुन्या माणसाला बोलावतो. तुम्ही कोंडीराम काकांना का नाही बोलावत?"

कोंडीरामांना तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. पण सासऱ्यांच्या तोंडून कंपनीतली कुठलीही गोष्ट निघाली की तिच्यात कोंडीराम असायचेच. कासारवाडीचे कोंडीराम. अलाइनमेंटची यंत्रं यायच्या आधी सूत आणि ओळंबा लावून चाकं जुळवणारे. रंगराव अॅक्सल बसवायचे, कोंडीराम तो जुळवायचे. एक डबा दोघांत, एक विडी दोघांत. कँटीनमध्ये कोंडीरामांच्या वाट्याची जिलबी रंगरावांनी खाल्ली म्हणून दोघं आठ दिवस बोलले नव्हते, आणि ते आठ दिवस कंपनीतल्या सगळ्या शॉपमध्ये कुणाचंच मन लागलं नव्हतं. ही गोष्ट सांगताना रंगराव अजून हसतात आणि डोळे पुसतात. पण मग ते घरी का येत नाहीत, असं तनुजानं विचारलं की रंगराव उठून बैलांच्या रिकाम्या गोठ्याकडे जात. अठ्ठावीस वर्षांत कोंडीराम या अंगणात आले नव्हते. नोकरी होती तोवर भेट कंपनीत व्हायची, पुढं ती कुणाच्या तरी मयताला, नाहीतर पेन्शनच्या कामाला.

फोन शेवटी तनुजानंच लावला. रंगरावांनी तो कानाला धरला, कसाबसा गाडीचा विषय काढला, आणि पलीकडून दोनच शब्द आले, "येतो दुपारी."

कोंडीराम आले ते लेकीच्या स्कूटरवर मागं बसून. लेक आम्रपाली दिघीला बँकेत कामाला. बापाला सोडून, संध्याकाळी न्यायला येते म्हणून ती निघून गेली. कोंडीराम बारीक झाले होते, जाड भिंगाचा चष्मा, आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत सुताचं भेंडोळं, पितळी ओळंबा, खडू, लोखंडी टेप. दोघं म्हातारे एकमेकांसमोर उभे राहिले. मिठी वगैरे आमच्याकडे पुरुष मारत नाहीत. कोंडीराम म्हणाले, "वाळलास की रं," आणि रंगराव म्हणाले, "तू कुठं पैलवान झालाय."

इंद्रायणीबाईंनी चहा आणला. त्यांची सासू होती तोवर कोंडीरामांचा कप पडवीच्या कोनाड्यात वेगळा असायचा, आणि तो धुऊन परत कोनाड्यात ठेवायचं काम नव्या सुनेचं, म्हणजे त्यांचंच होतं. आज त्यांनी एकसारखे चार कप आणले, ट्रे कोंडीरामांपुढं धरला आणि हवा तो घ्या म्हणाल्या. मग स्वतःचा कप घेऊन त्यांच्याच शेजारी जोत्यावर बसल्या. चहा जरा जास्त गोड झाला होता.

कोंडीरामांनी पुढच्या चाकांना हातसुद्धा लावला नाही. त्यांनी विचारलं, रस्त्यावर ओल कुठं आहे. वळणावर कंपनीच्या पाण्याचा टँकर रोज गळतो, तिथं डांबरावर ओलीचा मोठा पट्टा होता. किल्ली रणजीतनं बायकोच्या ताब्यात दिली होती, तेव्हा गाडी तनुजानंच काढली. त्या ओलीवरून ती सरळ, माणसाच्या चालीनं पुढं आण, एवढंच कोंडीरामांनी तिला सांगितलं, आणि ते रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले. रंगराव छत्री धरून मागं उभे. ऊन असं होतं की टँकरवालासुद्धा केबिनमधून उतरत नव्हता.

गाडी ओलीतून कोरड्या डांबरावर आली आणि मागं चाकांचे ओले पट्टे सोडून गेली. दोनच्या जागी चार पट्टे. मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग चालत नव्हती, दोन बोटं उजवीकडून चालत होती.

"बैलगाडी अशी चालली असती तर तुज्या बापानं चाकोरी बघून सांगितलं असतं," कोंडीराम म्हणाले. "पुढं काय बी न्हाई रं हिच्या. दुखणं मागं हाय."

अंगणात येऊन त्यांनी टेप लावला. डावीकडं पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत एक माप, उजवीकडं दुसरं. उजवीकडचं पाऊण इंच जास्त भरलं. मागचं उजवं चाक बोटभर मागं सरकलेलं होतं. कोंडीरामांनी टेप दोनदा लावला, मग चष्मा काढून डोळे पुसले आणि माप तनुजालाही वाचायला लावलं. मागून गाडी अशी तिरकी ढकलली गेली की पुढचं तोंड आपसूक डावीकडं जातं, हे त्यांनी तिला अंगणातल्या धुळीत काडीनं रेघा मारून दाखवलं. निगडीच्या पोरानं मागच्या चाकांना डबे अडकवलेच नव्हते, तर त्याच्या यंत्राला तरी काय दिसणार. रंगराव हे ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता. त्यांना एकच गोष्ट कळली होती, की हात चुकला नव्हता.

शनिवार सगळा कामात गेला. गाडी जॅकवर चढवून खाली बाभळीचे ओंडके लावले. मागचा अॅक्सल लोखंडी पाट्यांच्या थरावर बसवलेला असतो आणि दोन्ही अंगांना वाकड्या बोल्टांनी बांधलेला असतो. ते बोल्ट गंजून एकजीव झाले होते. सकाळपासून त्यांच्यावर डिझेल सोडत होते. चौऱ्याहत्तर आणि त्र्याहत्तर वर्षांचे दोघं पोत्यावर आडवे पडून गाडीखाली शिरले, तेव्हा इंद्रायणीबाई म्हणाल्या की आत जाताय ते जा, बाहेर काढायला मला क्रेन बोलवायला लावू नका. रंगरावांच्या डोळ्यात गंज पडला. कोंडीरामांच्या पायात गोळा आला आणि गाडीखालीच त्यांचा पाय दाबून द्यावा लागला. पान्याला पाइप लावून दोघांनी मिळून ओढ दिली की बोल्ट केसभर फिरायचा, मग दोघं पडल्या पडल्या दम खायचे. पण हात एकमेकांना विचारल्याशिवाय चालत होते. एकानं पाना मागायच्या आत दुसऱ्यानं तो पुढं केलेला असायचा. तीन तासांत त्यांना पन्नास वर्षांपूर्वीचा शॉप आठवला, तिथलं कूलंट, सायरन, आणि जेवणाच्या सुट्टीत पत्र्यावर तापत ठेवलेले डबे. रंगराव मनापासून सुखात होते. इतके सुखात ते कित्येक वर्षांत नव्हते.

दुपारी पाटे मोकळे झाले. पाट्यांच्या थरातून एक बोटाएवढा बोल्ट आरपार जातो आणि त्याचं डोकं अॅक्सलला जागेवर धरून ठेवतं. कोंडीरामांनी चाचपून तो काढला. तो मधोमध तुटलेला होता. डोकं वेगळं, दांडा वेगळा. कोंडीराम तो घेऊन उजेडात आले, तुटलेली बाजू त्यांनी अंगठ्यानं चोळली. लोखंड ताजं तुटलं तर चमकतं. हे काळंठिक्कर होतं, जुनं होतं.

ते पोत्यावर बसून राहिले. काय झालं, असं रंगरावांनी विचारल्यावर म्हणाले, "म्हसोबा आणला त्या दिशी तुटला ह्यो."

ती गोष्ट गावात सगळ्यांना माहीत आहे, पण निम्मीच. रंगरावांच्या शेताच्या बांधावर म्हसोबाचा दगड होता. शेत कंपनीसाठी गेलं, तारेचं कुंपण पडायची वेळ आली, तेव्हा देव गावात आणायचं ठरलं. कंपनीनं क्रेन देऊ केली, ट्रक देऊ केला. पण ज्यांनी शेत घेतलं त्यांच्याच गाडीतून देव आणायचा म्हणजे देवही त्यांनाच दिल्यासारखं झालं, असं जुन्या माणसांनी धरलं. बैलजोड्या तोवर विकलेल्या. मग रंगरावांनी फियाट पुढं केली. एका दगडाला सहा माणसं लागली होती. तो डिकीत घातला आणि धरायला मागच्या सीटवर तिघं बसले. फियाटच्या डिकीत म्हसोबा घालणारी माणसं जगात दुसरीकडं कुठं असतील असं वाटत नाही.

कोंडीराम त्या रविवारी सहज म्हणून आले होते. दगड उचलायला सहावा माणूस कमी पडत होता, म्हणून त्यांनी बाह्या सारल्या आणि पुढं झाले. रंगरावांचे चुलते त्यांना म्हणाले, तू राहू दे, तू आपला हँडलवर बस, गाडी चालव. बोलण्यात राग नव्हता, नेहमीचंच बोलणं होतं ते. कोंडीरामांनी रंगरावांकडे पाहिलं. रंगराव खाली बघून डिकीतलं पोतं सारखं करत होते. मग गावाकडून एक माणूस धावत आला, त्यानं सहावा हात लावला, आणि कोंडीरामांनी गाडी चालवली. ओढ्यात उतरताना मागचं चाक दगडावरून आदळलं. बाकीचे चांगभलं म्हणत होते.

"टक करून वाजलं," कोंडीराम म्हणाले. "शेंटर बोल्ट गेला, मला तितंच कळलं. बोललो न्हाई. मला तुमचा देव उचलायची हौस न्हवती, रंगराव. पन तू खाली बघितलंस. मनात आलं, वढू दे ह्याला आता जलमभर."

अंगणात इंद्रायणीबाई पापड वाळत घालत होत्या, त्यांचा हात थांबला. रंगरावांनी तो तुटका बोल्ट हातात घेतला. अठ्ठावीस वर्षं त्यांनी स्वतःशी एक हिशेब मांडला होता, की कोंडीराम चुलत्यांमुळं येत नाही. चुलते वारले त्यालाही वीस वर्षं झाली होती.

"तू बोलला न्हाईस," ते म्हणाले, "पन त्या दिशी आदी मी बोलायला पायजे व्हतं. मी बी न्हाई बोललो."

कोंडीरामांनी मान हलवली. दोघांपैकी कुणी माफी मागितली नाही. मग कोंडीराम म्हणाले, "भोसरीला मिळल नवा बोल्ट. दोन आणाय सांग, दुसऱ्या अंगाचाबी बदलू." तनुजानं शिफ्टला जाता जाता दुकानात सांगितलं आणि दुकानदारानं बोल्ट आणि नवा डावा दिवा रिक्षानं पाठवून दिले. उन्हं कलायच्या आत पाटे घासून साफ झाले. पहारीनं रेटत रेटत दोघांनी अॅक्सल पुढं घेतला आणि नव्या बोल्टाचं डोकं आपल्या भोकात जाऊन बसलं. तो आवाज दोघांनीही कान देऊन ऐकला.

रविवारी सकाळी कोंडीरामांनी गाडीच्या दोन्ही बाजूंनी सूत ताणलं. निगडीच्या पोरानं पुढं जे फिरवलं होतं ते परत जागेवर आणलं, हँडल मधोमध धरून बांधलं, आणि चारी चाकं सुताला लावली. रणजीत तोंडात ब्रश धरून सगळं बघत होता. पाऊण इंचाची गोष्ट त्यानं बायकोकडून ऐकली होती, पण त्याचा विश्वास बसला नव्हता. मग कंपन्यांच्या मधला सरळ रस्ता रिकामा असतो तिथं तो गाडी घेऊन गेला, पन्नासच्या वेगाला त्यानं हँडल सोडून दिलं, आणि गाडी दोरीत चालावी तशी चालत राहिली. त्यानं ती परत आणली, खाली उतरला, आणि सगळ्यांच्या देखत किल्ली बापाच्या हातात ठेवली.

"आबा, तुमचं खरं होतं," तो म्हणाला. "माझंच चुकलं."

असं लेकानं म्हणावं हे आमच्या गावात फारसं घडत नाही. रंगरावांनी टोपी काढली, परत घातली. मग कोंडीरामांना पुढं शेजारी बसवून, लेकाला आणि सुनेला मागं घेऊन ते निघाले. इंद्रायणीबाईंनी चाकांखाली लिंबं ठेवली होती. ती कोंडीरामांनी उतरून बाजूला घेतली, नव्या कामावर सालीचा चिखल नको म्हणून.

गाव संपेपर्यंत सगळं ठीक होतं. मोठ्या रस्त्याला लागल्यावर रंगरावांनी तिसरा टाकला, चौथा टाकला, आणि ते कोंडीरामांना ओढ्यावरचा जुना फरशीपूल कुठं होता ते दाखवायला लागले. गाडी उजवीकडं सरकली. समोरून कंटेनर येत होता, त्याच्या हॉर्ननं मागची दोघं दचकली. रंगरावांनी गाडी आत घेतली. जरा वेळ ते रस्त्याकडंच बघत चालवत राहिले, गाडी नीट चालली. मग कोंडीरामांनी काही विचारलं, त्यांनी उत्तर दिलं, आणि गाडी परत उजवीकडं निघाली. या वेळी दुचाकीवरचा एक माणूस डांबर सोडून मातीत उतरला, आणि त्याच्या मागं बसलेल्या बाईची पिशवी रस्त्यावर पडली. रंगरावांनी गाडी कडेला घेऊन थांबवली. त्या दोघांना काही लागलं नव्हतं. रणजीत उतरून पिशवी उचलून देऊन आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

कोंडीराम रंगरावांच्या हातांकडं बघत होते. त्यांना सगळं कळलं होतं. जन्मभर चाकं कुठून कुठं सरकली तेच बघत आलेला माणूस तो. त्यांनी घसा साफ केला आणि मागं न वळता म्हणाले, "रणजीत, चूक माजी हाय. सूत हुकलं माजं. उजवीकडं वढती आता. उद्या परत जुळवतो, मग बघ."

रणजीतनं ते मानलंही असतं. त्याला ते मानायचंच होतं.

"सूत बराबर हाय त्याचं," रंगराव म्हणाले. "गाडी सरळ हाय." ते हँडलवरच्या आपल्या हातांकडं बघत होते. गाडी उभी होती, तरी उजवा हात हँडल बोटभर खाली ओढून बसलेला होता. "अठ्ठावीस वर्सं ती डावीकडं वडायची, मी उजवीकडं धरून ठेवायचो. ती झाली सरळ. मी आता न्हाई व्हत."

"शिकशील की," कोंडीराम म्हणाले. "आठ दिसांत हात बसल."

"आन त्या आठ दिसांत कुणाची पिशवी पडल, का कोन पडल?" रंगराव म्हणाले. "शाळंपाशी पाच मिन्टं आदी आलो असतो तर, कोंडीराम?"

त्यांनी इंजिन बंद केलं. किल्ली काढली, आरशात बघून मागं तनुजाकडं धरली आणि म्हणाले, "तू ये हितं. उद्या पासिंगला बी तूच ने."

तनुजा उतरली तेव्हा तिला रडू आवरत नव्हतं. मामा, मी नाही, असं ती म्हणत होती, पण रंगराव तोवर खाली उतरले होते. बॉनेटला हात लावत ते पुढून वळसा घालून डाव्या दाराशी आले. कोंडीराम उठून मागं रणजीतजवळ बसले. तेहतीस वर्षांत स्वतःच्या गाडीत डाव्या बाजूला बसायची रंगरावांची ही पहिलीच वेळ होती. पाय कुठं ठेवायचे ते त्यांना कळेना. तनुजानं सीट पुढं ओढली, आरसा आपल्या उंचीला लावला, आणि निघू का म्हणून विचारलं. त्यांनी मान हलवली.

गाडी निघाली. समोरून एकामागून एक तीन कंटेनर आले आणि गेले, गाडी आपल्या जागेवरून तसूभर हलली नाही. तनुजानं हँडल अगदी हलक्या हातानं धरलं होतं. रंगरावांचा उजवा हात मांडीवर होता, आणि प्रत्येक कंटेनरला तो आपसूक खाली ओढला जात होता. तिसऱ्या वेळी त्यांनी तो डाव्या हातानं घट्ट धरला आणि घर येईपर्यंत तसाच धरून ठेवला.